लोहाराची सुरी बातमीत येते तेव्हा...

टेबलावर पसरलेले कापड, त्यावर लांबीनुसार मांडलेल्या तलवारी, गुप्त्या, चाकू आणि कोयते, मागे ओळीने उभे असलेले पोलीस पथक आणि मधोमध चेहरा झाकलेला आरोपी. ‘धारदार शस्त्रांचा साठा जप्त’ या मथळ्याखालचे हे छायाचित्र अमरावती-अकोल्याच्या वाचकाला नवे नाही. हाताने घडविलेले पाते वृत्तपत्रात दिसते ते बहुधा याच चौकटीत. ते कोणी घडविले, कशाचे घडविले, मुळात कशासाठी घडविले, याचा उल्लेख बातमीत क्वचितच असतो. फार तर ‘गावठी बनावटीचा’ एवढे एक विशेषण असते आणि तेही दूषण म्हणून.

अशा बातम्या छापूच नयेत, असे कोणी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहराने आणि एप्रिल २०२२ मध्ये अचलपूर-परतवाड्याने संचारबंदीचे दिवस पाहिले आहेत. ज्या गावांनी हे सोसले, तेथे शस्त्रे सापडल्याची वार्ता लोकांना कळलीच पाहिजे. प्रश्न वेगळा आहे. एकाच प्रकारचे चित्र वर्षानुवर्षे समोर येत राहिले, की वाचकाच्या मनात पाते म्हणजे गुन्हा हे समीकरण पक्के होते आणि त्याचा भुर्दंड भात्यापुढे बसलेल्या माणसाला पडतो.

वास्तविक आपल्या भाषेला हा भेद चांगला ठाऊक आहे. ‘हत्यार’ या शब्दाने मराठीत शस्त्रही कळते आणि औजारही. सुताराची हत्यारे म्हणजे पटाशी, रंधा, वाकस. शेतकऱ्याची हत्यारे म्हणजे विळा, खुरपे, कुऱ्हाड. वऱ्हाडात भाजी चिरायच्या विळीला पावशी म्हणतात, तीही लोहाराच्याच हातची. पेरणीपूर्वी वखराची फास बोथट झाली, की ती लोहाराकडून शेवटून आणावी लागते. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त लोहार बलुतेदारांमध्ये येतो तो या कामासाठी, कोणाला भोसकण्याची सोय करून देणारा म्हणून नव्हे. बातमीच्या भाषेत मात्र ‘हत्यार’ शब्दाचा एकच अर्थ शिल्लक राहिला आहे.

या कामात जोखमीचा भाग कोणता, हेही सहसा सांगितले जात नाही. साध्या लोखंडात कार्बनचे प्रमाण अगदी कमी असते. ते कितीही तापवून पाण्यात बुडविले तरी कडक होत नाही, त्याला धार टिकत नाही. म्हणून लोहार मालमोटारीच्या कमानीचा जुना पाटा शोधतो. त्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो. कुऱ्हाडीसारख्या जाड हत्याराला अंग लोखंडाचे ठेवून धारेपुरते पोलाद घालण्याचीही जुनी रीत आहे. पाटा तापवून, घणाखाली ठोकून पात्याचा आकार येतो. खरी कसोटी पुढे, पाणी देताना. पाते सुमारे ८०० अंश सेल्सिअसला नारिंगी-लाल होते. या उष्णतेला पोलाद लोहचुंबकाला चिकटत नाही. लोहाराला मात्र चुंबक लागत नाही, तो रंग पाहतो. म्हणूनच भट्टी सावलीत, काहीशा अंधाऱ्या जागी असते. भर उन्हात रंग चुकतो.

मग धारेकडची बाजू तेवढी पाण्यात धरायची. ती एकदम कडक होते. इतकी, की काचेसारखी तडकू शकते. लगेच बाहेर काढून ती थोडी घासली, की पाठीकडे उरलेली धग हळूहळू धारेकडे सरकताना दिसते आणि घासलेल्या चकचकीत भागावर रंग धावू लागतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळट, शेवटी निळा. हा सारा खेळ साधारण २०० ते ३०० अंशांमधला आणि काही क्षणांचा. सुरीला पिवळ्यावर थांबायचे, घाव सोसणाऱ्या कुऱ्हाडीला निळसर छटेपर्यंत जाऊ द्यायचे, आणि नेमक्या क्षणी पाते पुन्हा पाण्यात. क्षणभर आधी झाले तर धार झडते, क्षणभर उशीर झाला तर ती वळते. ‘पाणीदार’ हा शब्द आपण माणसांसाठी सहज वापरतो. पात्याचे पाणी ही अशी मोजूनमापून द्यायची गोष्ट आहे.

विदर्भाला ही विद्या कालची नाही. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, शिळावर्तुळे उभारणाऱ्या लोकांची. त्या लोकांच्या दफनांत कुऱ्हाडी, छिन्न्या आणि खंजीर एकत्र मिळतात. औजार आणि शस्त्र एकाच हातून निघत होते, हे त्यावरून दिसते.

कायद्याने या दोहोंमध्ये रेघ ओढली आहे आणि ती बातमीपेक्षा अधिक सूक्ष्म आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील व्याख्या केवळ घरगुती अथवा शेतीच्या वापरासाठी बनविलेल्या वस्तू वगळते. २०१६ च्या शस्त्र नियमांत तलवार, गुप्ती, खंजीर यांच्यासह ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे. पण तेथेही घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची पाती वगळलेली आहेत. बहुतेक कोयते ९ इंचांहून लांब असतात आणि पुष्कळ पावश्या २ इंचांहून रुंद. म्हणजे पात्याचे माप तेवढे पुरेसे नाही, त्याचा हेतू पाहावा लागतो. छायाचित्रात पात्याशेजारी फूटपट्टी दिसते, हेतू दिसत नाही. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला आणि तणावाच्या दिवसांत मनाई आदेश निघतात. त्यात चाकूच काय, काठी बाळगण्यावरही बंदी असते. त्या दिवसांत विळे-कोयत्यांचे गाठोडे घेऊन बाजाराला निघालेला लोहार रस्त्यात अडविला गेला, तर त्याने स्पष्टीकरण कोणाला आणि कसे द्यावे?

पुण्यातील कोयत्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. लाखो मजुरांच्या हिशेबाचे हे एकक २०२२ च्या अखेरीस ‘कोयता गँग’ या शब्दप्रयोगाने झाकून टाकले. तो विषय त्या वर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात गाजला आणि जानेवारी २०२३ मध्ये पुणे पोलिसांनी कोयता घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहण्याच्या सूचना विक्रेत्यांना दिल्या. दहशत खरी होती, हे नाकारता येत नाही. परंतु ती माजविणाऱ्यांना ओळखण्याऐवजी आपण औजाराला नाव ठेवले.

उलटही घडते. २०१८ च्या मे महिन्यात औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) पोलिसांनी पकडलेल्या तलवारी आणि चाकू कोणा गावच्या भट्टीतून आले नव्हते. ते ऑनलाइन मागविलेले होते आणि खोक्यांतून घरपोच येत होते. अशा मालाला ‘गावठी’ म्हणता येत नाही, पण सामान्य वाचकाच्या संशयाची सुई मात्र लोहाराकडेच वळते.

पडद्यावर पात्याला मान मिळाला, तोही फारसा कामाचा नाही. उत्तर प्रदेशातील रामपूरचा कळीचा चाकू हिंदी चित्रपटांनी घरोघरी पोहोचविला. १९६५ च्या ‘वक्त’मधील राजकुमारचा चाकूचा प्रसंग अजून सांगितला जातो. पण ही कीर्ती खलनायकाच्या खिशातल्या वस्तूची होती. कारागीर घटत गेले आणि २०२३ मध्ये रामपुरात उभा राहिला तो सुमारे ६ मीटर लांबीच्या चाकूचा पुतळा. अमेरिकेत २०१५ पासून दाखविल्या गेलेल्या ‘फोर्ज्ड इन फायर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेने हाताने पाते घडविण्याला जगभर प्रेक्षक मिळवून दिला. त्यात पाणी देतानाचा क्षण श्वास रोखून दाखविला जातो, पाते तडकले तर परीक्षक कारणही सांगतात. हे शिकण्यासारखे आहे. मात्र पुढे त्या पात्याने पुतळे आणि मांसाचे तुकडे तोडून दाखविले जातात, म्हणजे गाडी पुन्हा मारण्यावरच येते. तेच काम रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेला घिसाडी करतो तेव्हा कॅमेरा त्याच्याकडे वळलाच, तर ‘लोप पावत चाललेली कला’ असा हुंदका टाकून निघून जातो. त्याच्या कोळशाला काय भाव पडतो, पाटा भंगारात कितीला मिळतो, तयार विळ्याशी त्याचा विळा किमतीत टिकतो का, हे विचारले जात नाही.

घिसाडी, गाडी लोहार हे समाज राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. ज्याला कायमचा पत्ता नाही आणि ज्याच्या पालात पाती आहेत, त्याच्यावर संशय घेणे फार सोपे असते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात लोहार वेगळा, अस्त्रकार वेगळा आणि हातोडा व औजारसंच बनविणारा आणखी वेगळा नोंदविला आहे. औजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्यही आहे. कागदपत्रे जमविणे भटक्याला कितपत जमते, हा भाग निराळा. पण सरकारी यादीत जो भेद केला गेला, तो आम्हां वृत्तपत्रवाल्यांना चार ओळींच्या बातमीत करता येऊ नये, याचे नवल वाटते.

बाजारात लोहाराकडून सुरी किंवा पावशी घेताना नुसती चकाकी पाहू नये. पाते नखाने टिचकावले तर स्वच्छ नाद यावा, धारेवर डोळ्यांना दिसतील असे बारीक तडे नसावेत, मूठ पात्याच्या शेपटीवर घट्ट बसलेली असावी. हे पोलाद गंजते. वापरल्यावर पुसून त्यावर जवसाच्या तेलाचा हात फिरवावा. आणि धार गेल्यावर ती शेवटून घ्यायला पुन्हा कोणत्या बाजाराला, कोणत्या वारी यायचे, तेही तेथेच विचारून ठेवावे.