गोणीचे वजन आणि डंबेलचे वजन
घर आणि बळ : लेखांक सहावा

शेतीवर जगणाऱ्या गावात ताकदीच्या व्यायामाचा विषय निघाला की, दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाला आणखी व्यायाम कशाला हवा, हा प्रश्न पहिल्यांदा पुढे येतो, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय घरच्या घरी वजने उचलण्याच्या पद्धतीची चर्चा पुढे नेणे योग्य ठरणार नाही. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे पेडगाव (भीमाकाठचे, किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले श्रीगोंदा तालुक्यातील पेडगाव वेगळे) हे अशाच गावांपैकी एक आहे. परभणीच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीची ज्वारी ही पिके घेतली जातात, आणि पेरणीपासून मळणीपर्यंतच्या कामांत वाकणे, ओढणे, उचलणे व वाहून नेणे या चारही प्रकारच्या हालचाली शरीराला रोज कराव्या लागतात. असे असूनही पन्नाशी गाठण्याआधीच कंबर आणि गुडघे धरल्याची तक्रार अशा गावांत सर्रास ऐकू येते, आणि तिचे एक कारण श्रमातील वजनाच्या स्वरूपात सापडते.

युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली असून त्यापूर्वी ती ५० किलोची होती, तर डीएपीची गोणी आजही ५० किलोचीच आहे. सतरा वर्षांचा मुलगा असो, साठीचा शेतकरी असो किंवा आठवडाभर तापाने झोपून कालच उठलेला मजूर असो, गोणी सर्वांसाठी तेवढ्याच वजनाची राहते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हातांनी वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली आणि स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असे म्हटले. परंतु मर्यादा ही केवळ वरची टोकाची रेषा असते, आणि त्या रेषेपर्यंत शरीराला टप्प्याटप्प्याने नेण्याची कोणतीही सोय श्रमात नसते. दुसऱ्या टोकाला खुरपणी आणि कापूस वेचणी ही कामे येतात, जी मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला जातात. त्यांत भार हलका असतो, पण तो तासन्‌तास एकाच वाकलेल्या स्थितीत सांभाळावा लागतो, त्यामुळे थकवा भरपूर येतो आणि स्नायूंची ताकद मात्र एका पातळीपुढे वाढत नाही. स्नायू आणि हाडे सवयीपेक्षा थोडा अधिक ताण आल्यावर बळकट होतात, आणि तो ताण फारच अधिक झाला तर दुखावतात. म्हणून ‘थोडा अधिक’ हे प्रमाण मोजून ठरवता येणे, हाच बदलत्या वजनाच्या साधनांचा खरा उपयोग आहे.

वैद्यकात या तत्त्वाला क्रमवर्धी भार म्हणतात, आणि त्याला शिस्तबद्ध रूप दिले ते टॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टराने. दुसऱ्या महायुद्धात गुडघे व मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हलके आणि दीर्घ व्यायाम दिले जात असत. डिलॉर्मने त्याऐवजी पायात लोखंडी जोडा बांधून, त्याला वजने जोडत, मोजक्या पण जड आवृत्त्या करवून घेतल्या आणि १९४५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आवृत्ती म्हणजे हालचाल एकदा पूर्ण करणे, आणि न थांबता केलेल्या आवृत्त्यांचा गट म्हणजे फेरी, ज्याला व्यायामशाळेत सेट म्हणतात. पुढे रूढ झालेल्या त्याच्या पद्धतीत, जे वजन नेमके दहा वेळा उचलता येते ते आधी शोधले जाते, आणि मग पहिली फेरी त्याच्या निम्म्या, दुसरी पाऊणपट व तिसरी पूर्ण वजनाने केली जाते. दहा वेळा १२ किलो उचलू शकणाऱ्याने अनुक्रमे ६, ९ आणि १२ किलो वापरावयाचे, असा याचा अर्थ होतो, आणि ज्याच्याकडे एकच ठरीव वजनाची वस्तू आहे त्याला ही साधी योजनाही पाळता येत नाही.

महाराष्ट्राच्या तालमींना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे मात्र मुळीच नाही. मुद्गल, करेला आणि जोडी ही साधने तालमींत लहानमोठ्या वजनांत ठेवलेली असत, आणि नवा पोरगा हलक्या जोडीवर हात बसल्याशिवाय जड जोडीला हात लावीत नसे, कारण त्याच्यावर वस्तादाची नजर असे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून दहा खंडांत सिद्ध केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ या परंपरेचा मराठीतील सर्वांत मोठा संग्रह असून, त्याच्याकडे आजच्या व्यायामप्रेमींचे झालेले दुर्लक्ष खेदजनक आहे. घरी व्यायाम करणाऱ्याला तालमीतील साधनांची रांगही मिळत नाही आणि वस्तादही मिळत नाही. रांगेची उणीव रॉड, प्लेटा आणि लॉक असलेला डंबेलसंच भरून काढतो, वस्तादाची उणीव मात्र माणसाने स्वतःच्या शिस्तीने भरून काढावी लागते.

या संचाचे गणित नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक चुका तेथेच होतात. बाजारात सर्रास मिळणारी लहान प्लेट सव्वा किलोची असते, आणि तोल राखण्यासाठी ती दोन्ही बाजूंना घालावी लागत असल्याने वाढ एकदम अडीच किलोंची होते. २० किलोंच्या डंबेलवर ही वाढ साडेबारा टक्के भरते, पण ५ किलोंच्या डंबेलवर ती पन्नास टक्के होते. क्रीडावैद्यकात एका वेळची वाढ साधारणतः २ ते १० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला जात असल्याने, हलक्या वजनाने सुरुवात करणाऱ्याला, म्हणजे ज्याला सावधगिरीची सर्वाधिक गरज आहे त्यालाच, ही उडी सर्वांत मोठी पडते. त्यावर उपाय असा की वजन वाढवण्यापूर्वी आवृत्त्या वाढवाव्यात, आठांवरून बारांवर व नंतर पंधरांवर जावे, आणि पंधरा आवृत्त्या सलग दोन दिवस हालचाल न बिघडता पूर्ण झाल्यावरच नवी प्लेट चढवावी. अर्ध्या किलोच्या प्लेटा मिळाल्यास त्या अवश्य घ्याव्यात. ज्याला संच परवडत नाही त्याला पाण्याचा लहान कॅनही चालतो, कारण एक लिटर पाणी एक किलो भरते आणि भार लिटरालिटराने वाढवता येतो. मात्र अर्धवट भरलेल्या कॅनमधील पाणी हिंदकळून मनगटाला झटका देते, म्हणून लहान कॅन काठोकाठ भरणे चांगले. कॅनमध्ये वाळू भरल्यास ती ओली की कोरडी यावर वजन बरेच बदलते, त्यामुळे भरलेला कॅन, आणि खरे तर विकतच्या प्लेटाही, एकदा आडत दुकानाच्या काट्यावर तोलून त्यांवर खडूने आकडा लिहून ठेवावा.

घरात वजने वापरताना सर्वाधिक इजा स्नायू ताणल्याने होते असा समज आहे, पण आकडे वेगळे सांगतात. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत १९९० ते २००७ या काळात वजनांच्या व्यायामामुळे आलेल्या सुमारे पावणेदहा लाख रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश इजा वजन अंगावर पडल्याने झालेल्या आढळल्या, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांत हाताच्या इजांचे प्रमाण अधिक दिसले. म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी दोन्ही टोकांचे लॉक हाताने पिळून पाहणे आणि काम संपल्यावर प्लेटा काढून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी, जमिनीलगत ठेवणे, ही दोन कामे व्यायामाचाच भाग मानावीत. फळीवर ठेवलेले डंबेल खाली पडते, जमिनीवर ठेवलेले पडत नाही. घामाने ओली झालेली शहाबादी फरशी निसरडी होते आणि वजन आदळले की तडकते, तेव्हा अंगणातील चोपलेली माती किंवा जुन्या सतरंजीची जाड घडी अधिक भरवशाची ठरते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत, म्हणजे लाकडी तुळयांवर माती पसरून केलेल्या सपाट छताच्या घरांत, माळवदावर वजने नेऊ नयेत, आणि आत व्यायाम करताना तुळईची उंची आधी हाताने अजमावावी.

हालचालींची संख्या थोडी असावी. छातीशी डंबेल धरून केलेली उठबस, जमिनीवरून वजन उचलणे, एक हात खाटेवर टेकून दुसऱ्या हाताने वजन कमरेकडे ओढणे, जमिनीवर उताणे पडून वजन वर ढकलणे आणि दोन्ही हातांत वजने घेऊन अंगणात चालणे, एवढ्यात सारे शरीर येते. यांतील जमिनीवरून उचलण्याची हालचाल शेतकऱ्याला सर्वांत मोलाची आहे, कारण गोणी उचलतानाही तीच करावी लागते: पाठ सरळ ठेवून कमरेच्या सांध्यातून वाकावे, वजन नडग्यांना घासत वर आणावे, आणि ते हातात असताना धड पिळू नये, वळावयाचे असल्यास पावले टाकून वळावे. उताणे पडून ढकलताना बाकड्याऐवजी जमीन निवडावी, कारण तेथे कोपरे जमिनीला टेकून थांबतात आणि दमलेला हात वजन बाजूला सोडू शकतो. डोक्यावर झटक्याने वजन नेणे घरी टाळावे. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, तेव्हा १३९ किलोंच्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला इजा झाली. वर्षानुवर्षे प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली घडलेल्या शरीरालाही तो धोका असतो, हे एकट्याने व्यायाम करणाऱ्याने लक्षात घ्यावे.

श्वास रोखून जोर लावला की छातीतील दाब वाढतो आणि रक्तदाब क्षणभर फार वर जातो. १९८५ मधील एका प्रयोगात निरोगी तरुणांच्या धमनीत नळी घालून जड वजन पायांनी ढकलताना तो मोजला गेला, तेव्हा सरासरी ३२०/२५० इतका भरला. म्हणून जोर लावताना श्वास सोडावा आणि वजन खाली आणताना घ्यावा. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, मधुमेहामुळे झालेला डोळ्यांचा विकार किंवा पायात उतरणारी कंबरदुखी असलेल्यांनी, तसेच नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. वय मात्र अडसर नाही: बोस्टन येथील वृद्धांवरील १९९० च्या प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या व्यक्तींच्या मांड्यांची ताकद आठ आठवड्यांत दुपटीहून अधिक झाली होती.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम करण्यास सांगते, आणि शेतकरी कुटुंबाला दोन दिवसच पुरेसे आहेत, कारण शेतातील श्रम आणि व्यायामाचा श्रम असा भेद शरीर करीत नाही. जूनची पेरणी, सोयाबीनची काढणी आणि ज्वारीची सोंगणी चालू असताना वजन निम्म्यावर आणून एकच फेरी करावी किंवा व्यायाम थांबवावा; दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने ताकद फारशी ओसरत नाही. त्यानंतर खंडापूर्वीचे वजन लगेच न घेता एक-दोन प्लेटा कमी ठेवून सुरुवात करावी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा व्यायाम पहाटे उरकावा, आणि थंडीत, जेव्हा परभणीचे तापमान राज्यातील नीचांकी तापमानांत मोजले जाते, तेव्हा रिकाम्या रॉडने एक पूर्ण फेरी करून सांधे मोकळे झाल्यावरच पहिली प्लेट चढवावी. पुढील लेखांकात या व्यायामासोबत लागणाऱ्या प्रथिनांचा, आणि तूर, हरभरा व दूध यांतून ती कितपत मिळतात याचा विचार केला जाईल.