रोज एक पान चित्राचे

चाळिशी-पन्नाशीतले अनेक रुग्ण सांगतात, "डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण डोके शांत राहत नाही." सकाळची डोंबिवली किंवा ठाण्याची लोकल, दिवसभर ऑफिस, परतीची गर्दी. मनाला विसावा मिळावा कुठून? अशांना गरजेप्रमाणे औषध देतोच, शिवाय एक कोरी चित्रवही घ्यायला सांगतो.

"मला कुठे चित्रकला येते?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली नसली तरी काही बिघडत नाही. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी ३९ प्रौढांना पाऊण तास मार्कर, माती व कागद देऊन हवे ते करू दिले. आधी व नंतर लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताण वाढला की वाढणारे संप्रेरक, मोजले. ७५ टक्के लोकांत ते कमी झाले आणि कलेचा पूर्वानुभव असल्या-नसल्याने फरक पडला नाही. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र पाहणी लहान होती व तुलनेला दुसरा गट नव्हता. तेव्हा चित्रे काढू लागलात म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नका!

रोज पंधरा मिनिटे पुरेत. तलावपाळीचा कट्टा, दुर्गाडीजवळची खाडी, नाहीतर खिडकीतली तुळस, समोर दिसेल ते काढावे. हलत्या लोकलमध्ये वहीत नजर खिळवल्याने काहींना मळमळते. त्यांनी फलाटावर गाडीची वाट पाहताना काढावे. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लावूनच बसावे आणि दर वीस मिनिटांनी थोडा वेळ दूरवर पाहावे.

आता साहित्याविषयी. पर्मनंट मार्करच्या शाईत अल्कोहोल, तर काहींत झायलीनसारखी द्रावके असतात. आपली घरे लहान, त्यात डासांमुळे संध्याकाळी खिडक्या बंद. अशा खोलीत वासाने डोके दुखते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. खिडकीला जाळी बसवा, पंखा लावा किंवा पाण्यात विरघळणारी स्केचपेने वापरा. जलरंगातील काही पिवळ्या-लाल छटांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. म्हणून ब्रशचे टोक जिभेने ओले करू नये, रंगाचे पाणी चहाच्या कपात ठेवू नये आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. पेनांची टोपणे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. ती घशात अडकतात.

पेन घट्ट दाबून धरू नका. रात्री अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर मनगटातील नस दबली असण्याची शक्यता असते. मधुमेह व थायरॉईडच्या रुग्णांत हे अधिक आढळते. मुंग्या थांबत नसतील तर डॉक्टरांना दाखवा.

शेवटचा सल्ला महत्त्वाचा: प्रत्येक पानावर तारीख घाला व दोन ओळी लिहा. हाताच्या कंपाची तपासणी करताना आम्ही डॉक्टर रुग्णाला कागदावर गोल गोल चकली काढायला सांगतो. तुमची वही हेच काम महिनोन्‌महिने करते. रेघ थरथरू लागली, तर कारण थायरॉईड, दम्याचे एखादे औषध किंवा वयोमानाचा कंप असू शकते. अक्षर हळूहळू बारीक होत गेले, तर पार्किन्सनची शंका घ्यावी लागते. घाबरू नका, पण वही घेऊन डॉक्टरांकडे जा. जुनी आणि नवी पाने शेजारी ठेवली की बदल केव्हा सुरू झाला ते कळते, आणि ती माहिती आम्हाला फार उपयोगी पडते.

हातातले पेन एकाएकी गळून पडले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर मात्र वही शोधत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तडक मोठे रुग्णालय गाठा.