४०५२ क्रमांकाची रेकॉर्ड

१ सप्टेंबर १९६० आणि २० ऑक्टोबर १९६०. या दोन दिवशी टीना ब्रुक्सने न्यू जर्सीतल्या एका स्टुडिओत एक अख्खी एलपी भरेल इतकं टेनर सॅक्सोफोन वाजवलं. (टीना हे नाव बाईचं वाटेल. या गृहस्थाला लहानपणी 'टीनी' म्हणत, त्याचंच पुढे टीना झालं.) कंपनीने रेकॉर्डला नाव दिलं, 'बॅक टू द ट्रॅक्स'. क्रमांक दिला, ४०५२. कव्हरही तयार झालं. मग ४०५१ बाजारात आली, ४०५३ आली, मधली आलीच नाही. ती लोकांच्या कानावर पडली १९८५ साली. तोवर ब्रुक्सला जाऊन ११ वर्षं झाली होती.

रेकॉर्ड कंपनीच्या दोन वह्या असतात. एकीत ध्वनिमुद्रणं: तारीख, वादक, टेक. दुसरीत दुकानात गेलेला माल. ब्रुक्सची रेकॉर्ड करणाऱ्या, न्यूयॉर्कच्या 'ब्लू नोट' या जॅझ कंपनीच्या या दोन वह्यांचा मेळ कधीच बसला नाही. तिच्या चाहत्यांना क्रमांक तोंडपाठ असतात, पण ते सगळे दुसऱ्या वहीतले. मला पहिली वही जास्त बोलकी वाटते.

मेळ चुकायला सुरुवात झाली अगदी पहिल्या दिवशी. २३ डिसेंबर १९३८ला कार्नेगी हॉलमध्ये एक मोठी मैफल झाली आणि तिथे बर्लिनहून आलेला ३० वर्षांचा आल्फ्रेड लायन दोन बूगीवूगी पियानोवादकांवर लुब्ध झाला. बरोब्बर १४ दिवसांनी, ६ जानेवारी १९३९ला, त्याने अ‍ॅल्बर्ट अ‍ॅमन्स आणि मीड लक्स लुइस यांना भाड्याच्या स्टुडिओत आणून बसवलं. दिवसाअखेर १९ टेक जमले: अ‍ॅमन्सचे ९, लुइसचे ८ आणि दोघांचे मिळून २. त्यातून कंपनीच्या पहिल्या दोन रेकॉर्डी निघाल्या. दोन रेकॉर्डी म्हणजे चार बाजू. मुद्रित १९, बाजारात आधी ४.

या चार बाजूंची एक गंमत आहे. तेव्हाची लोकप्रिय संगीताची रेकॉर्ड दहा इंची असे, तीन मिनिटांच्या आसपास संपणारी. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांना अख्खा राग ज्या तीन मिनिटांत आटोपावा लागला, तेच माप. लायनने बारा इंची तबकडी घेतली. तिच्यावर चार मिनिटांहून थोडं जास्त मावे आणि ती सहसा पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी राखलेली असे. वादकाला मिनिटभर जास्त द्यायचं म्हणून महागडा माल वापरणाऱ्या या माणसाचा पुढचा सगळा जमाखर्च इथेच ओळखता येतो.

त्याच वर्षी बालमित्र फ्रान्सिस वुल्फ बर्लिनहून निसटून न्यूयॉर्कला पोचला. पेशाने छायाचित्रकार. त्यानंतर कंपनी म्हणजे मुख्यतः ही दोन माणसं. लायन सैन्यात भरती झाला, युद्धात दोनेक वर्षं काम थंडावलं, ते दिवस इथे सोडून देऊ. १९४७ ते १९५२ मध्ये थेलोनियस मंकला घेऊन त्यांनी सहा सेशन केली. विक्री यथातथाच. सहाव्या खेपेपर्यंत कुठलाही हिशोबी माणूस थांबला असता.

मग एलपी आली. १९५१पासून दहा इंची एलपींची ५००० मालिका सुरू झाली आणि १९५५पर्यंत ५००१ ते ५०७० असे ७० क्रमांक झाले. एवढ्यात बाजार बारा इंचीकडे वळला. म्हणजे जुना माल नव्या मापात पुन्हा कापा, नवी कव्हरं छापा. यातून १५०० मालिका जन्मली: १५०१ ते १६००, शंभर क्रमांक, साधारण तीन वर्षांत. सरासरी काढली तर दर अकरा दिवसांना एक. १९५८मध्ये ४००१ने नवी मालिका उघडली आणि १९६७मध्ये आकडा ४२६०च्या पुढे गेला, म्हणजे वर्षाला २९च्या आसपास. दोन मालकांच्या, जवळ फारसं भांडवल नसलेल्या कंपनीसाठी हा वेग छाती दडपवणारा आहे.

हा वेग जमला कसा? एक कारण रूडी व्हॅन गेल्डर. हा माणूस दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. बैठकीच्या खोलीत वाजवणारे, काचेपलीकडे हा. १९५३पासून लायन त्याच्याकडे जाऊ लागला. १९५९ साली व्हॅन गेल्डरने चष्मे सोडले आणि एंगलवुड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्वतःचा स्टुडिओ बांधला. दुसरं कारण वहीत खर्चाच्या बाजूला दिसतं: लायन तालमीचेही पैसे द्यायचा. त्या काळी इतर छोट्या कंपन्यांत वादक थेट स्टुडिओत भेटत, ठरलेल्या चार चिजा वाजवून घरी जात. इथे आधी तालीम, मग टेप. त्यामुळे नव्या, अवघड रचनाही एका दिवसात उभ्या राहत. १५ सप्टेंबर १९५७ला जॉन कोल्ट्रेनने स्वतःच्या नावावर ब्लू नोटसाठी वाजवलं ते एकदाच. त्या एका दिवसाची 'ब्लू ट्रेन' आजही विकली जाते. आणि फेब्रुवारी १९५७मध्ये जिमी स्मिथ ऑर्गनवर लागोपाठ तीन दिवस बसला, त्यातून पाच एलपी निघाल्या!

कव्हरांचा हिशोब तर आणखी भन्नाट. रीड माइल्सने अकरा वर्षांत ५००च्या आसपास कव्हरं केली आणि एका कव्हरचे त्याला सुमारे ५० डॉलर मिळत असं सांगतात. गुणाकार करा: २५,००० डॉलर. वुल्फची छायाचित्रं घेऊन ती कापून, रंगवून, अक्षरांशी भिडवून त्याने जे केलं त्याची नक्कल जग अजून करतंय. माइल्सला स्वतःला जॅझचं फारसं प्रेम नव्हतं. मिळालेल्या रेकॉर्डी तो वाटून टाकायचा.

आता तफावतीकडे. ध्वनिमुद्रणाचा खर्च एकदाच होतो. तबकड्या दाबणं, कव्हर छापणं, गावोगावच्या वितरकांना माल पाठवणं, खरा पैसा तिथे लागतो. कारखान्याला पैसे आधी द्यायचे आणि वितरकाकडून उधारी वसूल व्हायला दोन-तीन महिने. अशा धंद्यात एखादी रेकॉर्ड तुफान खपली तर मालकाच्या तोंडचं पाणी पळतं, कारण आणखी प्रती दाबायला रोकड हवी. वर एकाच वादकाच्या दोन रेकॉर्डी एकदम काढल्या तर त्या एकमेकींचं गिऱ्हाईक खातात. म्हणून टेप भरत राहायच्या, बाहेर मात्र सबुरीने सोडायच्या. काही टेप लायनलाच पसंत नसायच्या, तेही खरं.

ली मॉर्गनचं उदाहरण पाहा. २१ डिसेंबर १९६३ला त्याने 'द साइडवाइंडर' वाजवली. १९६४मध्ये पहिल्या खेपेला प्रती काढल्या ४,०००. त्या हातोहात संपल्या आणि रेकॉर्ड बिलबोर्डच्या एलपी यादीत २५व्या स्थानापर्यंत चढली. जॅझला हे दुर्मीळ. मग वितरकांना दुसरी 'साइडवाइंडर' हवी झाली. मॉर्गनने मधल्या काळात फेब्रुवारी १९६४मध्ये 'सर्च फॉर द न्यू लँड' आणि ऑगस्टमध्ये 'टॉम कॅट' मुद्रित केली होती. पहिली दोन वर्षं पडून राहिली. दुसरी आली १९८०मध्ये, सोळा वर्षांनी. १९६५मध्ये मात्र त्याच साच्यातली 'द रम्प्रोलर' झाली आणि ती लगोलग दुकानात पोचली.

वेन शॉर्टरने १९६५ या एका वर्षात तीन एलपींचं काम केलं: मार्चमध्ये 'द सूथसेयर', जूनमध्ये 'एट सेटरा', ऑक्टोबरमध्ये 'द ऑल सीइंग आय'. वेळेवर आली ती फक्त तिसरी. आधीच्या दोन अनुक्रमे १४ आणि १५ वर्षांनी आल्या. ग्रँट ग्रीनची 'मॅटाडोर' मे १९६४ची, बाजारात १९७९. यात 'एट सेटरा' मला त्या काळी दिमाखात निघालेल्या निम्म्या रेकॉर्डींपेक्षा सरस वाटते, त्यामुळे 'कमअस्सल म्हणून ठेवून दिल्या' हे स्पष्टीकरण मी तरी सगळ्यांना लावणार नाही.

१९६५-६६च्या सुमारास कंपनी लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीला विकली गेली. लायन १९६७मध्ये निवृत्त झाला, वुल्फ १९७१मध्ये वारला, आणि टेपांचं कपाट मालकामागून मालक बदलत राहिलं. मायकेल कस्कुना हा निर्माता वादकांना भेटला की विचारायचा, तुम्ही वाजवलंत पण कधी निघालंच नाही असं काय काय आहे? उत्तरं तो टिपून ठेवायचा. पहिली वही तो वादकांच्या आठवणीतून पुन्हा लिहून काढत होता म्हणा ना. १९७५मध्ये त्याला कपाटापाशी प्रवेश मिळाला. कित्येक खोक्यांवर नेत्याचं आडनाव आणि तारीख, एवढंच. कोण वाजवतंय, रचनेचं नाव काय, हे कानाने ओळखायचं. त्या टेपा मग काही अमेरिकेत, काही जपानमध्ये निघत गेल्या.

खुद्द ब्लू नोट १९८५मध्ये पुन्हा उघडली. २००२मध्ये तिने नोरा जोन्सचा पहिला आल्बम काढला आणि त्याच्या जगभर २ कोटी ७० लाखांवर प्रती खपल्या. नोरा ही पंडित रविशंकरांची मुलगी. पंडितजींच्या रेकॉर्डी काढणारी वर्ल्ड पॅसिफिक कंपनीही १९६५मध्ये लिबर्टीनेच घेतली होती. बापलेकीचा माल एकाच घराण्याच्या वहीत चढला, तोही जवळपास चार दशकांच्या अंतराने.

पुन्हा ब्रुक्सकडे. १९ जून १९६०ला २२ वर्षांच्या फ्रेडी हबर्डने 'ओपन सेसमी' मुद्रित केली. तिच्यात ब्रुक्स होता आणि शीर्षकाची रचनाही त्याचीच. सहा दिवसांनी ब्रुक्सची 'ट्रू ब्लू', तिच्यात हबर्ड. क्रमांक शेजारशेजारचे: ४०४० आणि ४०४१. हबर्डचं नाव झालं. ब्रुक्सने १९५८ ते १९६१ मध्ये चार एलपी भरतील इतकं काम केलं आणि त्याच्या हयातीत निघाली एकटी 'ट्रू ब्लू'. ४२व्या वर्षी तो गेला. १९८५मध्ये कस्कुनाच्या मोझेइक कंपनीने हे सगळं काम एका पेटीत घातलं, चार एलपी, टपालाने मागवायच्या.

जुन्या रेकॉर्डींचे शौकीन तबकडी उजेडात तिरकी धरून आतल्या कोऱ्या कड्यात बोटाने चाचपतात. तिथे इंग्रजी 'पी' अक्षराची एक वळणदार खूण कोरलेली असते, कानासारखी दिसणारी. ती प्लास्टिलाइट या कारखान्याची खूण. हा कारखाना ब्लू नोटचा माल १९६६पर्यंत दाबत होता, म्हणून 'कान' असला की प्रत जुनी आणि किंमत चढी. ४०४०च्या जुन्या प्रतींवर कान आहे, ४०४१च्याही. ४०५२ची कुठलीही प्रत उचला, कितीही चाचपा, कान सापडणार नाही.