कपाटाची किल्ली कुणाकडे?

शिक्षणहक्क कायद्याच्या (2009) परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितले आहे. त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि चक्क गोष्टींची पुस्तकेही. तरी पुस्तक फाटेल या धास्तीने कपाटाला कुलूप घालणाऱ्या शाळा आहेतच. दोरीवर, मुलांच्या हाताच्या उंचीवर टांगलेली पुस्तके फाटतात खरी, पण वाचलीही जातात.

महाराष्ट्रात 2015 पासून 15 ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिन, ‘वाचन प्रेरणा दिन’ असतो. उरलेल्या दिवसांचे काय?

‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेने 2015 मध्येच सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात, छापूनही घेता येतात. तिथे वाचनाच्या पायऱ्या चार: पहिल्या पायरीवरची गोष्ट फार तर 250 शब्दांची, चौथीवरची 1500 हून मोठी.