वजन उतरलं, मळमळ राहिली

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, "किती किलो उतरलं?" आकडा चांगला असला की पुढचं कुणी विचारत नाही. सकाळी उठल्यापासून पोटात ढवळतंय, तोंडाला पाणी सुटतंय, फोडणीच्या वासानेही उमासे येतात, पाण्याचा घोट घ्यायची भीती वाटते, हे सांगायला जागाच उरत नाही. सांगितलंच तर उत्तर तयार असतं: "ऑपरेशन झालंय, एवढं होणारच." पहिल्या काही दिवसांत ते बऱ्याच अंशी खरं असतं. पण दोन-तीन महिने उलटतात, मळमळ जात नाही, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट 'नॉर्मल' येतात, आणि मग घरातले, कधी कधी डॉक्टरही, ती मनाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. मला या टप्प्याबद्दलच लिहायचं आहे. कारण रिपोर्ट नॉर्मल असूनही दुखणं खरं असण्याची इथे बरीच कारणं आहेत, आणि त्यांतलं एक असं आहे की ते ओळखायला उशीर झाला तर माणसाची स्मृती कायमची जाऊ शकते.

आधी पोटात नेमकं काय बदललं ते पाहू. आपल्याकडे सर्रास होणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी मागे ठेवतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची सुमारे 30 मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो, आणि त्यात कधी कधी पित्त उलटं वर येतं. बायपास अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाओ इटो यांनी 1966 साली सुरू केली. अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेले रुग्ण बारीक होतात, हे मेसन यांच्या लक्षात आलं होतं. तेव्हा सगळ्यांची नजर जठराच्या आकारावर होती. आता कळतं की बायपासनंतर अन्न आतड्यात फार लवकर पोचतं, आणि जेवणानंतर जीएलपी-1 सारखी संप्रेरकं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त स्रवतात. भूक मंदावते ती त्यांच्यामुळेही. स्लीव्हनंतरही असा बदल होतो. याच जीएलपी-1 च्या धर्तीवर बनवलेल्या वजनाच्या इंजेक्शनांचा सर्वांत जास्त आढळणारा त्रास कोणता, तर मळमळ. तेव्हा थोडीफार मळमळ ही शरीराच्या नव्या मांडणीतूनच येते, तिला रुग्णाच्या नाजूकपणाशी जोडू नये.

पहिल्या एक-दोन दिवसांच्या मळमळीत भुलीचा आणि वेदनाशामक अफूवर्गीय औषधांचा वाटा मोठा असतो. भुलीनंतर उलट्या कुणाला जास्त होतात हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं: स्त्रिया, धूम्रपान न करणारे आणि ज्यांना प्रवासात उलटी होते ते. घाटात एसटी वळणं घेऊ लागली की ज्यांना खिडकी लागते, त्यांनी ही गोष्ट भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावी, म्हणजे ते आधीच जास्तीची औषधं देतात. स्लीव्हमध्ये टाक्यांच्या रेषेवरची सूजही काही दिवस त्रास देते आणि हळूहळू उतरते.

त्यानंतरची बरीचशी मळमळ घासाशी निगडित असते. घास मोठा, चावणं कमी, जेवण दहा मिनिटांत संपलं, वर पेलाभर पाणी, की छातीच्या मधोमध दडपल्यासारखं होतं, तोंडात लाळ दाटते आणि पांढरा चिकट फेस वर येतो. आपल्या जेवणातले काही पदार्थ यात खास त्रासदायक आहेत. पोळी चावली नाही तर तिचा गोळा होतो. मोकळा कोरडा भात, सुकं चिकन, साबुदाण्याची खिचडी, कोरडे पोहे अडकतात. तेच मऊ मुगाची खिचडी, पातळ वरणात कुस्करलेला फुलक्याचा तुकडा, दही, मऊ पनीर, अंड्याची भुर्जी बहुतेकांना सोसतं. जेवायला वीस ते तीस मिनिटं घ्यावीत आणि पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर प्यावं, असा सर्वसाधारण नियम आहे. तो पाळणं अवघड जातं ते आपल्या आग्रहामुळे. "एवढंसं तर आहे" म्हणून वाढलेला तो शेवटचा घास या पोटात खरोखर मावत नसतो. घरच्यांनी एवढं एक ऐकलं तरी मोठी मदत होईल.

दिवाळीत हा प्रश्न गोडाचा होतो. लाडू, करंजी, श्रीखंड, बासुंदी: साखर एकदम आतड्यात उतरली की आतडं रक्तातलं पाणी आत खेचून घेतं. दहा ते तीस मिनिटांत मळमळ, पोटात कळ, धडधड, घाम, जुलाब आणि आडवं व्हावंसं वाटणं असा झटका येतो. याला डंपिंग म्हणतात. बायपासनंतर तो जास्त, पण स्लीव्हनंतरही येतो. त्याचा दुसरा प्रकार खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी येतो. इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवतं, रक्तातली साखर घसरते, हातपाय थरथरतात, डोकं हलकं होतं, मळमळतं. ही मळमळ 'काहीच कारण नाही' अशी वाटते, कारण खाल्लेलं विसरून गेलेलं असतं. घरात ग्लुकोमीटर असेल तर नेमक्या त्या वेळी साखर तपासावी. एका नोंदीने महिन्यांची चर्चा संपते.

आता नॉर्मल रिपोर्टांकडे येऊ. पोटाच्या सोनोग्राफीत पित्ताशय आणि यकृत दिसतं, पण जठराची नळी अरुंद झाली आहे का, ते नीट कळत नाही. बायपासमधला जोड आक्रसण्याचा प्रकार बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतो. आधी घन पदार्थ जाईनासे होतात, मग पातळही. एंडोस्कोपीत तो दिसतो आणि फुग्याने रुंद करता येतो. स्लीव्हमध्ये मात्र फसगत होते. नळीला मधेच पीळ पडलेला असला तर एंडोस्कोपीची दुर्बीण त्यातून सरकून जाते आणि 'अडथळा नाही' असा अहवाल येतो. अन्नाला मात्र तो पीळ पार करता येत नाही. अशा वेळी बेरियमसारखं द्रव्य पाजून, ते खाली कसं उतरतं याचे एक्स-रे घेतले तर गोष्ट स्पष्ट होऊ शकते. म्हणून एक तपासणी नॉर्मल आली की त्या तपासणीला जे दिसू शकतं तेवढंच नाकारलं गेलं, असं धरून पुढचा प्रश्न विचारायला हवा. तो विचारायचा हक्क रुग्णाला आहे.

वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, हेही नेहमीचं. शस्त्रक्रियेआधीच्या सोनोग्राफीत खडे नव्हते म्हणून आताही नसतील असं धरता येत नाही. अनेक केंद्रं पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल देतात ते याचसाठी. बायपासच्या जोडावर अल्सर होतो. त्यामागे हेलिकोबॅक्टर जंतू, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या आणि धूम्रपान असतं. आपल्याकडे 'सिगारेट ओढता का' असं बायकांना कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मिश्री लावणाऱ्या बाईचं उत्तर 'नाही' असंच येतं. तंबाखूचा प्रश्न मिश्रीचं नाव घेऊन विचारायला हवा. लोहाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, रिकाम्या पोटी घेतलेली मल्टिव्हिटॅमिनची मोठी गोळी यांनीही मळमळतं. वजन पुन्हा चढू लागलं म्हणून कुणी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडची साप्ताहिक इंजेक्शनं सुरू केली असतील तर तेही उघड सांगावं.

आणि गर्भधारणा. वजन उतरलं की पीसीओडी असलेल्या अनेक स्त्रियांची पाळी पूर्ववत होते. वर्षानुवर्षं दिवस राहिले नाहीत म्हणून ज्या निर्धास्त असतात, त्यांना अचानक राहतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पुरता भरवसा ठेवता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला असतो. मळमळणाऱ्या तरुण स्त्रीची एंडोस्कोपी करण्याआधी लघवीची साधी चाचणी करणं केव्हाही शहाणपणाचं.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. 1881 साली जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी मेंदूच्या एका आजाराचं वर्णन केलं: डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, चालताना तोल जाणं, भान हरपणं. त्यांच्या तीन रुग्णांपैकी दोघे मद्यपी होते. तिसरी होती शिवणकाम करणारी एक तरुणी. गंधकाम्ल प्यायल्यामुळे तिच्या जठराचं तोंड आक्रसलं होतं आणि तिला सतत उलट्या होत होत्या. पुढे हा आजार दारूशी इतका जोडला गेला की दारूचा थेंबही न घेतलेल्या माणसात तो सुचतच नाही. कारण मात्र ब-1 जीवनसत्त्वाची, म्हणजे थायामिनची, कमतरता. शरीरातला त्याचा साठा सुमारे 30 मिलिग्रॅम असतो आणि पोटात काही ठरेना झालं तर दोन-तीन आठवड्यांत तो संपत येतो.

मळमळणारा आपला रुग्ण काय खातो ते आठवा. पांढऱ्या तांदळाची पेज, साखरपाणी, नारळपाणी, चहात बुडवलेलं बिस्किट. डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर कोंबड्यांमध्ये हेच पाहिलं होतं: पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर त्या लुळ्या पडत, कोंड्यासकट तांदूळ दिला की सुधारत. त्यासाठी त्यांना 1929 चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पॉलिश केलेल्या तांदळात ब-1 नाममात्र उरतं. गोळ्या घेतल्या तरी त्या उलटून पडतात. मग अशक्तपणा आला म्हणून जवळच्या दवाखान्यात सलाईन लावतात, आणि त्या बाटलीत पुष्कळदा ग्लुकोज असतं. ग्लुकोज वापरायला शरीराला थायामिन लागतं. उरलासुरला साठा त्यात संपतो आणि काठावरचा मेंदू कोलमडू शकतो. तरतरी यावी म्हणून लावलेल्या सलाईननंतर रुग्ण बरळू लागला, त्याला एकाचे दोन दिसू लागले, पाय लटपटू लागले, तर ती झोप किंवा अशक्तपणा समजून थांबू नये. तिन्ही लक्षणं एकत्र मोजक्याच रुग्णांत दिसतात, तेव्हा एकही पुरेसं आहे. उपाय स्वस्त आणि सहज मिळणारा आहे: शिरेतून थायामिन, ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्याच्यासोबत. रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहत बसायचं नसतं. उशीर झाला तर नव्या गोष्टी लक्षात राहण्याची क्षमता कायमची जाऊ शकते. मळमळीचं कारण सापडो न सापडो, दोन-तीन आठवडे अन्न टिकत नसेल तर थायामिन मिळालंच पाहिजे.

इतकं सगळं तपासूनही काही जणांची मळमळ खरोखरच कारणाविना उरते. तेव्हा तिच्यासोबत जगण्याची तजवीज करावी लागते. सर्वांत उपयोगी साधन म्हणजे वही. काय खाल्लं, किती मिनिटांनी मळमळलं, उलटीत अन्न होतं की हिरवट पित्त, कोणती गोळी घेतली होती, झोप किती झाली. दोन आठवड्यांच्या नोंदींतून डॉक्टरांना जे दिसतं ते दहा मिनिटांच्या भेटीत सांगता येत नाही. द्रव दिवसाला दीड लिटरच्या आसपास जायला हवं, पण घोटाघोटाने. औषधाच्या बाटलीवरचं छोटं मोजपात्र घेऊन दर दहा-पंधरा मिनिटांनी एक घोट, हे पेल्याने पिण्यापेक्षा सोपं जातं. पातळ ताक, गाळलेलं वरणाचं पाणी, साखर न घातलेलं कोकमाचं पाणी, आल्याचा उकाळा यांतलं जे रुचेल ते. लघवी गडद होणं आणि उठताना अंधारी येणं या पाणी कमी पडल्याच्या खुणा आहेत, आणि कोरडं पडलेलं शरीर आणखी मळमळतं.

इंजेक्शनच्या आधी लावतात तो स्पिरिटचा बोळा नाकाशी धरून हळू श्वास घेतल्याने मळमळ उतरते, हे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतल्या चाचण्यांत दिसलं आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला, तळव्याकडच्या घडीपासून तीन बोटं कोपराच्या दिशेने, दोन ताठ शिरांच्या (कंडरांच्या) मधे दाबल्यानेही अनेकांना आराम पडतो. ऑन्डान्सेट्रॉनची जिभेवर विरघळणारी गोळी चांगली, पण तिने बद्धकोष्ठ होतो आणि बद्धकोष्ठानेही मळमळतं. मेटोक्लोप्रमाइड महिनोन्महिने घेण्याचं औषध नाही. या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

घरात स्वयंपाक करणारी बाई तीच रुग्ण असेल, तर तिला काही आठवडे फोडणीपासून सुट्टी द्या. मिरची-लसणाच्या खकाण्यात तासभर उभं राहून मग तिने चार घास शांतपणे खावेत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. दिवाळीचा चिवडा यंदा दुसऱ्या कुणी केला तर काही बिघडत नाही. मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेणंही रास्त आहे. महिनोन्महिने मळमळणारा माणूस खचतोच, आणि खाण्याची बसलेली धास्ती उतरवायला त्यांची मदत होते. मात्र तपासण्या अर्धवट असताना त्यांच्याकडे जायची चिठ्ठी हातात मिळाली, तर थांबून विचारावं.

काही वेळा वाट पाहायचीच नसते. दिवसभर पाणीही टिकत नाही, ताप किंवा छातीत सतत धडधड आहे, काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली आहे, तर थेट रुग्णालय गाठावं. बायपास झालेल्यांना तर दोन-चार वर्षांनीही सावध राहावं लागतं. वजन उतरून पोटातली चरबी विरघळली की आतड्याच्या पडद्यांमधल्या फटी मोठ्या होतात आणि त्यांत आतडं अडकतं. जेवणानंतर मुरडा येतो, मळमळतं, मग आपोआप थांबतं, पुन्हा येतं. मधल्या काळात काढलेला सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो, आणि शेवटी दुर्बिणीतून पोटात पाहूनच निदान होतं. अशा वेळी रात्रपाळीच्या डॉक्टरांना रुग्णाची शस्त्रक्रिया कोणती हे माहीत नसतं, आणि गांगरलेल्या नातेवाइकांना ते सांगता येत नाही.

त्यासाठी पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी, आणि तिचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये. शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख, शल्यविशारदांचा नंबर, चालू गोळ्या, टाळायच्या वेदनाशामक गोळ्या, आणि खाली ठळक अक्षरांत: 'उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायामिन द्या.' जवळच्या दवाखान्यात सलाईन लावण्याआधी ही चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्यावी आणि शल्यविशारदांना तिथूनच फोन लावून द्यावा.