गाठोडं न सोडता आत डोकावायचं कसं?

प्रोजेक्ट सबमिशनला दोन दिवस उरले की सर्व्हर बंद पडतो, हा योगायोग नाही, निसर्गनियम आहे! आमच्याही बाबतीत तेच झालं. फोटो अपलोड होताना मधूनच एरर यायची. गडबड नक्की कधी सुरू झाली हे बघायला चार दिवसांपूर्वीची लॉग फाइल हवी होती. ती होती, पण जीझिपने दाबून ठेवलेली. मी विचार न करता 'गनझिप' मारलं. फाइल उलगडता उलगडता डिस्कवरची उरलीसुरली जागा संपली, डेटाबेसला लिहायला जागा राहिली नाही आणि अर्धवट चालणारा प्रोजेक्ट पूर्ण झोपला. पार्टनरने माझ्याकडे कसं बघितलं असेल याची कल्पना तुम्हीच करा.

तेवढ्यात एक सीनियर आला आणि म्हणाला, "अरे, तुला नुसतं बघायचंय ना? मग गाठोडं सोडतोस कशाला?"

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. (कमांड्स इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत, स्मॉल लेटर्समध्ये करायच्या.)

लिनक्सवर दाबलेल्या टेक्स्ट फाइल्स पावलोपावली भेटतात. लॉगरोटेट हा प्रोग्राम जुने लॉग दाबून ठेवतो. 'सिसलॉग.२.जीझेड' हे नाव तुम्ही पाहिलं असेलच. डेबियन आणि उबुंटूवर मॅन पेजेससुद्धा अशीच दाबलेली असतात. ही फाइल साध्या 'कॅट'ने उघडली तर स्क्रीनवर भुताटकी दिसते, कधीकधी टर्मिनलची अक्षरंही बिघडतात. (तसं झालं तर न घाबरता 'रीसेट' टाइप करून एंटर मारा.) 'लेस'ने उघडली तर तो कधीकधी विचारतो की ही बायनरी फाइल असावी, तरी बघायची का?

उपाय एका अक्षराचा आहे. लेसच्या आधी झेड लावा:

झेडलेस सिसलॉग.२.जीझेड

बस्स. फाइल पानापानाने दिसायला लागते. स्पेस मारली की पुढचं पान, 'बी'ने मागचं, तिरकी रेघ देऊन शब्द लिहिला की शोध, 'एन'ने पुढचा सापडलेला शब्द, 'क्यू'ने बाहेर. डिस्कवर एक बाइटही जास्त लिहिला जात नाही आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहते. गनझिप मात्र काम नीट झालं की मूळ .जीझेड फाइल काढून टाकतो, हे लक्षात ठेवा.

आता इंजिनिअर म्हणवून घ्यायचं तर 'चालतं' एवढ्यावर थांबून भागणार नाही. कसं चालतं?

झेडलेस हा फार मोठा प्रोग्राम नाही, छोटी शेल स्क्रिप्ट आहे. ती लेसला सांगते की फाइल थेट वाचू नकोस, जीझिप ती उलगडून पाइपमधून देईल ती वाच. म्हणजे हाताने 'झेडकॅट सिसलॉग.२.जीझेड', मग पाइप, मग 'लेस' असं लिहिल्यासारखंच. गंमत पाइपमध्ये आहे. लिनक्सवर पाइपची क्षमता साधारणपणे ६४ केबी असते. पाइप भरला की जीझिप थांबतो. लेसने पुढचा मजकूर उचलला की पुन्हा कामाला लागतो. म्हणून फाइल कितीही मोठी असो, पहिलं पान लगेच दिसतं. मेसमध्ये ताटातली पोळी संपली की तव्यावर दुसरी पडते, अगदी तसंच!

पण कॅपिटल 'जी' दाबून एकदम शेवटी गेलात की वाट बघावी लागते. का? याचं उत्तर जीझिपच्या पोटात आहे. ज्याँ-लू गाय्यी आणि मार्क अॅडलर यांनी जीझिप १९९२ मध्ये आणलं. जुन्या 'कॉम्प्रेस' प्रोग्रामच्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर पेटंट होतं, म्हणून मोकळा पर्याय हवा होता. जीझिपची पद्धत 'डिफ्लेट'. तिचे दोन भाग आहेत. आधी आलेला मजकूर पुन्हा आला तर तो न लिहिता 'इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल' एवढीच खूण ठेवायची. मागे जायची मर्यादा ३२ केबी आणि एका खुणेत जास्तीत जास्त २५८ बाइट्स. मग हफमन कोडिंग, म्हणजे वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटा कोड आणि क्वचित येणाऱ्याला मोठा. लॉगमध्ये त्याच त्या ओळी हजारदा येतात, म्हणून लॉग इतके छान दाबले जातात.

प्रत्येक खूण मागच्या मजकुराकडे बोट दाखवते. म्हणून मधूनच वाचायला सुरुवात करता येत नाही, पहिल्यापासून उलगडत यावं लागतं. शिवाय पाइपमधून आलेला मजकूर लेस मेमरीत साठवतो, तेव्हा काही जीबीच्या फाइलवर 'जी' दाबण्याआधी रॅमचा विचार करा.

अशा वेळी 'झेडग्रेप' वापरा. 'झेडग्रेप एरर सिसलॉग*' म्हटलं की दाबलेल्या आणि साध्या दोन्ही फाइल्समध्ये शोध होतो आणि फक्त हव्या त्या ओळी येतात.

दोन-तीन सूचना. .टार.जीझेड ही एक फाइल नसून अनेकांची मोट असते, तिची यादी 'टार -टीझेडएफ'ने बघा. बीझिप२ साठी 'बीझेडलेस' आणि एक्सझेड साठी 'एक्सझेडलेस' आहे. मॅकवर झेडकॅट .झेड नावाची फाइल शोधत बसतो, तिथे 'जीझेडकॅट' वापरा. आणि पहिलं पान दिसलं म्हणजे फाइल धड आहे असं नाही, कारण तपासणीचा सीआरसी आकडा फाइलच्या अगदी शेवटी असतो. खात्री हवी तर 'जीझिप -टी'.

आमचं पुढे काय झालं? डिस्क भरल्यावर गनझिपने अर्धवट फाइल स्वतःच पुसली होती आणि मूळ फाइल शाबूत होती. डेटाबेस पुन्हा सुरू केला, झेडग्रेप मारलं आणि चार दिवसांपूर्वीची पहिली ओळ सापडली: डिस्कवर जागा शिल्लक नाही! आमचाच कोड अपलोडच्या तात्पुरत्या फाइल्स पुसत नव्हता. म्हणजे रोग जागेचा, आणि मी औषध म्हणून आणखी जागा खाल्ली होती.

दोन ओळींचा बदल केला, ओरल पार पडली. एक्स्टर्नलने विचारलं, "लॉग कसे तपासता?" आयुष्यात पहिल्यांदा ओरलमध्ये मी न अडखळता बोललो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गाठोडं दिसलं की आधी स्वतःला विचारा: सोडायचंय, की नुसतं बघायचंय?