१६ वर्षांच्या खेळाडूने एजंटच्या कागदावर सही केली, तर?

समजा, सौंदडमध्ये शाळेच्या मैदानावर कबड्डी रंगलीय. अकरावीतला पोरगा एकाच चढाईत तिघांना बाद करतो. सामना संपल्यावर एक माणूस गाठतो, "नागपूरला ट्रायल, मग थेट लीग. इथे सही कर, कमाईतले २० टक्के माझे."

पोरगा १६ वर्षांचा. त्या सहीची कायद्यात किंमत किती? शून्य. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार करार करायला माणूस सज्ञान, म्हणजे १८ पूर्ण असावा लागतो. अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल, हे मोहरीबीबी खटल्यात १९०३ लाच ठरलंय. पुढे १८ चा झाल्यावर "तू सही केली होतीस ना?" म्हणूनही एजंटला टक्का मागता येत नाही. नवा करारच लागतो.

मग बाबांनी सही केली तर? सगळ्यात मोठा घोळ इथेच. १९४० च्या दशकात राजरानी या अल्पवयीन अभिनेत्रीसाठी तिच्या वडिलांनी प्रेम अदीब यांच्याशी करार केला. नंतर भूमिका दुसरीलाच मिळाली, करार मोडला. तिने भरपाई मागितली, पण मुंबई हायकोर्ट म्हणालं, हा करारच रद्दबातल. म्हणजे पोरगा अडकत नाही हे खरं, पण एजंटने दिलेली आश्वासनंही त्या कागदावरून वसूल होत नाहीत.

१८ नंतर मात्र सही जपून करा. तिथेही एजंटला मर्यादा आहेच. श्रीरामपूरच्या झहीर खानने २००० मध्ये पर्सेप्ट डी'मार्क कंपनीशी ३ वर्षांचा करार केला. त्यात अट होती, मुदत संपल्यावरही दुसऱ्याची ऑफर घेण्याआधी आम्हाला तेवढीच रक्कम द्यायची संधी द्यायची. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम २७ च्या आधारे ही अट चालणार नाही असं सांगितलं.

अमेरिकेत २००४ पासून थेट कायदाच आहे. खोटी आश्वासनं किंवा भेटवस्तू देऊन विद्यार्थी खेळाडूची सही घेणं तिथे बेकायदा. आपल्याकडे एजंटांसाठी असा वेगळा कायदा नाही. फुटबॉलमध्ये फिफाचे नियम आहेत, एजंटकडे परवाना हवा आणि अल्पवयीन खेळाडूला गाठण्याआधी पालकांची लेखी संमती हवी. कबड्डीवाल्यांना आधार जुन्या करार कायद्याचाच.

आणि "ट्रायलची फी आधी यूपीआय करा" म्हणत कोणी खोट्या ट्रायलचे पैसे उकळले, तर ती फसवणूक. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, चॅट आणि त्या माणसाचा नंबर डिलीट न करता पोलीस ठाण्यात न्या.